आगे खाली है!

माधव नगर, उज्जैन

तीर्थरूप भय्यासाहेबांस,

माणिकचा उभ्याउभ्याच नमस्कार. घालणार साष्टांगच होतो, पण सध्या कंबर जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि पोचलीच तर परत येण्याची हमी डॉक्टर देत नाहीत. तेव्हा मनातल्या मनात घातला असं समजावं. इकडे सगळं ठीक (म्हणजे हाडं आपापल्या जागी आहेत). तुमच्या गुडघ्याचं काय चाललंय? वहिनींचा मोतीबिंदू निघाला का? ग्वाल्हेरची थंडी त्या डोळ्याला बाधणार नाही इतकी जपणूक करा. आणि हे पाकीट बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे तुम्ही स्पीकर लावता, इकडे तुमची बहीण सुलूही स्पीकर लावते, आणि मग आपलं दोघांचं बोलणं कॉलनीभर होतं. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर तुमचा चष्मा वहिनींकडे असतो. खाजगी गोष्टीला कागदच बरा.

विषय स्कूटरचा आहे. तुम्ही म्हणाल, या वयात हा काय विषय झाला? या वयातच होतो. बात अशी, की मागच्या महिन्यात देवास गेटपाशी एक ई-रिक्शा उभी होती आणि मी तिला जाऊन धडकलो असं लोकांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, ती मध्ये होती. सिंहस्थासाठी सगळं शहर खणून ठेवलंय, काल होता तो रस्ता आज नसतो, तिथे रिक्शा नेमकी कुठे असेल हे कोण सांगणार? कोणाला काही लागलं नाही. रिक्शावाला तर मलाच पाणी पाजून गेला. पण ही बातमी माझ्या आधी घरी पोचली आणि तिथून इंदूरला परागकडे पोचली. तो शनिवारी सूनबाईला, सायलीला, घेऊन आला आणि दारातच म्हणाला, बाबा, स्कूटर आता बंद. मुलगा आहे की आरटीओ, कळेना.

स्कूटर माझ्यासाठी काय आहे हे सुलूला कळत नाही, तुम्हाला कळेल म्हणून सांगतो. सकाळी उठावं, किक मारावी, देवास गेटला जावं, पोहे खावेत आणि कोणाला न सांगता परत यावं. (मला शुगर आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी जलेबी खात नाही हे सुलूला माहीत आहे. यातली एकच माहिती खरी आहे.) पण जलेबी जाऊ द्या. स्कूटर गेली की माणसाला दूध आणायलासुद्धा 'मला जरा सोडतोस का' असं विचारत फिरावं लागतं. समोरचे आमचे शेजारी असेच झाले आहेत, गेटपाशी चप्पल घालून उभे असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाडीकडे बघतात. मला त्याची भीती वाटते, भय्यासाहेब. चिंता वगैरे नाही, सरळ भीती.

म्हणून मीच पैज घातली. सायलीने रविवारसाठी महूच्या पलीकडच्या डोंगरात कुठलीशी सहल आधीच बुक करून ठेवली होती. चार जाड चाकांच्या मोटरसायकली, ज्यांना क्वाड बाइक म्हणतात, त्यांच्यावर बसून गाइडच्या मागे मागे विझलेल्या ज्वालामुखीत फिरायचं. तिथे माणसं हौसेने जातात. मी म्हटलं, ती बाइक मी चालवतो. डोंगर चढून-उतरून सुखरूप आणली तर स्कूटर माझी आणि हा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर चावी मी माझ्या हाताने देतो. पराग इतक्या लवकर 'मंजूर' म्हणाला, की तिथेच मला शंका यायला हवी होती. तुमची बहीण मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, मी यांच्या मागे बसते. त्यात नवीन काहीच नव्हतं. लग्न झाल्यापासून ती माझ्या मागेच बसत आली आहे.

गाइडचं नाव विक्रांत. काळा चष्मा, तोंडात सुपारी, आणि जीभ अस्सल इंदूरची. डोंगराच्या पायथ्याशी त्याने आम्हाला ओळीत उभं करून भाषण दिलं, की ये जो काला पत्थर आप देख रहे हो ना भिया, ये सब लावा है, करोड़ों साल पहले यहाँ आग बह रही थी. सायलीने फोटो काढले. सुलूने एक दगड उचलून उलटसुलट केला आणि म्हणाली, हा तर आपल्या पाट्याचा दगड. आणि होताच की! आख्खा माळवा त्याच दगडावर बसलाय, आपण त्याच्यावर चटणी वाटतो, त्याच्याच पायऱ्यांवरून क्षिप्रेत उतरतो, आणि तोच बघायला शंभर किलोमीटर आलो. मी विक्रांतला विचारलं, पूर्ण विझलाय ना? तो म्हणाला, अंकल टेंशन मत लो, अपन हैं ना. आग बाहेर आली तर 'अपन' नेमकं काय करणार, हे त्याने सांगितलं नाही.

मग हेल्मेट चढवलं आणि बाइकवर बसलो. बसल्यावर मी स्कूटरसारखी उजवी मूठ पिळली. काही झालं नाही. आणखी पिळली. विक्रांत ओरडला, अंकल, अंगूठा! त्या गाडीची मूठ पिळायची नसतेच, एक छोटा दांडा असतो, तो अंगठ्याने दाबला की ती पळते. आयुष्यभर बँकेत बसून मी लोकांचे अंगठे घेतले, आता माझ्यावर पाळी आली. पण सांगतो तुम्हाला, पहिली चढण मी अशी घेतली, की परागचा चेहरा बघण्यासारखा झाला. (तो मागून येत होता, चेहरा मला दिसला नाही, पण झालाच असणार.) वरच्या धारेवर पोचलो तेव्हा सगळं उत्तम चाललं होतं. डाव्या हाताला खाली मोठ्ठी कढईसारखी दरी, त्यातच तो ज्वालामुखी होता म्हणे. मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीचे पोहे खायला लागलो होतो.

पुढे जे झालं ते एका शब्दामुळे, आणि तो शब्द तुम्हा-आम्हाला बाळपणापासून ठाऊक आहे. आपण इकडची मराठी माणसं दिवसभर दोन भाषांतून ये-जा करतो. हिंदीत रिकामं असतं ते खाली. मराठीत जिना उतरलं की खाली. आमच्या घरात 'डबा खाली झाला, खाली जाऊन दळण आणा' हे एका दमात म्हटलं जातं आणि दळण येतं. कधी घोटाळा नाही. पुण्याचा कोणी असता तर त्याला माफ होतं, मला नाही. पण झालं काय, की धारेवर एक बाभळीची फांदी आडवी आली आणि मागून सुलू ओरडली, अहो, डोकं खाली करा! मी केलं. नेमका त्याच क्षणी विक्रांतने पुढून हात उंचावला आणि हाक दिली, अंकल, चले आओ, आगे खाली है! म्हणजे वाट मोकळी आहे, या. पण माझा कान त्या वेळी मराठीत होता. एकदा मराठीत उघडलेला कान असा पटकन हिंदीत कसा वळणार? शिवाय डोकं खाली होतं, त्यामुळे डोळ्यांना जी वाट दिसली ती बरोबर डावीकडे, खाली, कढईत उतरणारी. ('आगे' हा शब्द हिंदी होता हे पराग मला आजही ऐकवतो. कबूल. पण 'आगे' मला ऐकूच आलं नाही.) मी अंगठा दाबला.

उतार बारीक काळ्या खडीचा होता. तिथे गाडी चालवावी लागत नाही, तिची तीच जाते. मी पायाने ब्रेक शोधत होतो, स्कूटरला असतो तिथे, आणि तिथे नुसती हवा होती. अंगठा सोडायचा हे सुचायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस हातातलं सोडत नाही, आणखी घट्ट धरतो. शेवटी बाइक एका टेपाडाला अडून तिरकी उभी राहिली, आणि मी तिच्यापुढे जाऊन घाणेरीच्या झुडपात बसलो. बसलो म्हणजे व्यवस्थित बसलो, पाठ टेकून. सुलू मात्र सीटवर जिथल्या तिथे होती. माझ्या मागे बसून तिची इतकी वर्षं तयारी झाली होती.

वरून पराग ओरडत होता, बाबा, लागलं का? मी म्हटलं, नाही, इथून दगड छान दिसतो. विक्रांत चालत उतरायला लागला आणि खडीवरून दोनदा घसरला. (मला जरा बरं वाटलं.) तेवढ्यात तुमची बहीण सीटवर पुढे सरकली, पदर खोचला, हँडलकडे बघितलं आणि वर विक्रांतकडे बघत विचारलं, भैया, वो अंगूठेवाला यही है ना? आणि निघाली. आधी बाइक मागे घेतली, मग वळवली, मग नागमोडी करत ती आख्खी चढण चढून वर जाऊन थांबली, इंजिन बंद केलं आणि पदर सोडला. मला झुडपातून सगळं दिसलं. विक्रांत तिथल्या तिथे म्हणाला, वाह, आंटीजी तो उस्ताद निकलीं! परागने टाळ्या वाजवल्या. मी चालत वर आलो. उरलेला ज्वालामुखी मी सुलूच्या मागे बसून बघितला.

चहाच्या टपरीवर मी विचारलं, हे कुठे शिकलीस? तर म्हणते, भय्याने शिकवलं, त्याच्या राजदूत मोटरसायकलवर, मेळ्याच्या मैदानात, लग्नाच्या आधी. भय्यासाहेब! तुम्ही! मी मुलगी बघायला आलो होतो तेव्हा तुम्ही स्वतः माझ्याशेजारी बसून सांगितलं होतं, की हिला शिवण येतं, ही पेटी वाजवते आणि स्वभावाने शांत आहे. पेटी मी आजवर ऐकलेली नाही. राजदूतचं अक्षर काढलं नाहीत. मी रागावलो नाही, फक्त विचारतो, असं वागावं का माणसाने? इतकी वर्षं मी स्कूटर चालवत होतो आणि मागे एक राजदूत चालवणारी बाई गप्प बसली होती, याची कल्पना आली की मला आजही घाम फुटतो.

चावी मी माझ्या हाताने दिली, शब्द दिला होता. परागने ती खिशात घातली नाही, सरळ आईच्या हातावर ठेवली. म्हणाला, स्कूटर घरातच राहील, चालवणारी बदलली. परवा तिने लर्निंग लायसन्सची परीक्षा दिली आणि सगळे प्रश्न बरोबर आले. (त्यात ई-रिक्शावर प्रश्न नव्हता.) शिकाऊ माणसाच्या मागे लायसन्सवाला शिकवणारा बसलाच पाहिजे असा नियम आहे म्हणतात, त्यामुळे कागदोपत्री मी तिचा गुरू आहे. आणि देवास गेटवरून आम्ही जातो, पण थांबत नाही. कढईतला वास तेवढा येतो.

असो. घरातल्या मोठ्यांना नमस्कार (तुमच्या घरात तुमच्याहून मोठं आता कोणी उरलेलं नाही, म्हणजे तोही तुम्हालाच), लहानांच्या पाठीवर हात फिरवा, आणि वहिनींना सांगा, डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमचा, अजून शाबूत असलेला,
माणिक

ता. क. पत्र खरं याच्यासाठी लिहिलं. सुलू जगात फक्त तुमचं ऐकते. तिला एक चार ओळींचं पत्र टाका, की उज्जैनचा ट्रॅफिक आता बायकांच्या, नव्हे, कोणाच्याच वयाला झेपण्यासारखा नाही, आणि स्कूटर ज्याची आहे त्याला परत द्यावी. मोठा भाऊ म्हणून लिहा. मी सुचवलं असं लिहू नका. तिने हट्ट केला तर राजदूतची शपथ घाला.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट तसंच पडलं होतं, कारण पोस्टात न्यायला स्कूटर लागते आणि स्कूटर विचारावी लागते. आज सुलू भैरवगढ़ला चादरी आणायला निघाली, मी गुरू म्हणून मागे बसलो. (तुमच्यासाठी एक छापाची चादर घेतली आहे, वहिनींना लाल आवडतो ना?) परत येताना पुलावर गाय आडवी आली, समोरून ट्रॅक्टर, बाजूला खणलेलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही पलीकडे होतो, आणि ती गुणगुणत होती. भय्यासाहेब, मी हिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा वरची विनंती रद्द समजा. तसलं काही लिहू नका.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पुलानंतर मी मागून म्हटलं, सुलू, फार छान चालवतेस गं. ती म्हणाली, हं. आणखी जोरात म्हटलं. ती म्हणाली, हं, हं, आणलीत ना पिशवी. वाऱ्यात पुढच्याला काही ऐकू येत नाही. घरी आल्यावर समोरासमोर हे मला म्हणता यायचं नाही, तुम्ही मला ओळखता. तेव्हा पत्र तिला जरूर टाका, आणि त्यात एवढंच लिहा: माणिक म्हणतो, गाडी छान चालवतेस. मी सुचवलं असं खुशाल लिहा.