पऱ्हाटी पेटवण्याचा शास्त्रशुद्ध दिवस

६ मार्च २०२५, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. उद्देश : इलाच्या आगमनाची वैज्ञानिक पूर्वतयारी. माझी सात वर्षांची नात २९ तारखेला नागपूरहून येत आहे. तिला दमा आहे. गेल्या मार्चमध्ये आमच्या अल्लीपूर गावच्या धुरामुळे तिसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा लागला होता. चिरंजीव साकेत यांनी फोनवर बजावले : यंदा धूर असला, तर पुन्हा तिला आणणार नाही. भूगोलाच्या निवृत्त विभागप्रमुखाला हवेबद्दल अट! स्वीकारली.

८ मार्च
कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली. वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उपटायची, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचायची आणि मनात येईल तेव्हा पेटवायची, ही येथील पद्धत. शिस्तीचा संपूर्ण अभाव. उपग्रह रोज दुपारी दीडला आपल्यावरून जातो, हवेतील धूर व धूळ मोजतो. नकाशा इंटरनेटवर फुकट मिळतो : स्वच्छ हवा निळी, धुरकट लाल. तो वाचू शकणारा माणूस तालुक्यात एकच. नोंद खाजगी असल्याने नम्रता वगळली.

१० मार्च
शेजारचे बापूराव यांना सांगितले की, अनुकूल दिवस मी ठरवीन, तोवर काडी लावू नये. म्हणाले, "पोरीसाठी थांबतो, सर. पन नांगरटी कराची आहे मले. लवकर सांगजा."

१५ मार्च
बापूरावांनी गावभर सांगितले. सकाळी ओट्यावर अकरा शेतकरी. आज पेटवू का? वाऱ्याचा वेग ताशी सहा किलोमीटर. मला दहा हवा. नकार.

१९ मार्च
वेग दहा. दिशा सदोष. नकार.
सौ. यशोदा म्हणाली, "अहो, लग्नाचा मुहूर्त काढून राहिलात का? रोज दोन-दोन शेतं जळू द्या, कोणाला कळणारसुद्धा नाही." संस्कृतची एम.ए. असूनही हिला पद्धतशीरपणाचे वावडे.

२४ मार्च
नकाशावर राजस्थानकडून धुळीचा पट्टा. नकार. बापूराव म्हणाले, "सर, राजस्थानची धूळ आपल्या पऱ्हाटीले काय करते?" प्रश्नाची मांडणीच चुकीची होती.

२६ मार्च
अल्लीपूर सलग दोन दिवस स्वच्छ निळे. नकाशा साकेतला पाठवला. "बाबा, खरंच?" एवढेच उत्तर. इलाने बॅग भरल्याचे कळले. पद्धतीचा विजय.

२७ मार्च
दिवस ठरला : उद्या. वायव्येचा वारा, ताशी बारा. धूर आग्नेयेला, सायंकाळी आकाश निरभ्र. उपग्रह दीडला जातो. मोजमापात व्यत्यय नको म्हणून काडी दोनला. ग्रामपंचायतीच्या फलकावर स्वहस्ते लिहिले. गिरवून.

२८ मार्च, दुपारी २.०५
गावाने प्रथमच माझे तंतोतंत ऐकले.

२.४०
तंतोतंतच ऐकले. तीन आठवड्यांची तुंबलेली पऱ्हाटी, साठ शेते, एकाच वेळी. वाऱ्याला किंचित उशीर.

४.००
वारा नाही.

६.००
समोरचा कडुनिंब दिसत नाही. यशोदा ओली फडकी दारांच्या फटींत कोंबते आहे. मी मदतीला गेलो, तर म्हणाली, "तुम्ही राहू द्या. तुम्ही पुष्कळ केलंत." साकेतला आजचा दुपारी दीडचा नकाशा पाठवला. अत्यंत निळा. खोटे त्यात काही नाही.

२९ मार्च, सकाळी ८
धूर जागेवरच. पहाटे वारा येईल असे हवामानाचे प्रारूप सांगत होते. यशोदेने माझ्या हातून फोन घेतला आणि साकेतला दोनच शब्द सांगितले : "येऊ नका." साकेत, सूनबाई आणि इला वाटेत जामला नाश्त्याला थांबले होते. फोनवर मागून इला विचारताना ऐकू आली, आजोबांचं गाव अजून किती लांब.

सकाळी ११
गाडी जामहूनच परत फिरली. वाऱ्याची वाट पाहावी, असे मी सुचवले होते.
बापूराव आले. डोळे लाल, हातात टरबूज. म्हणाले, "पोरगी आली काय? तिच्यासाठीच सगळ्यायनं एका दिवशी उरकवलं, सर. आता वर्षभर धूर नाई." आली नाही, एवढेच सांगितले. टरबूज ओट्यावर ठेवून खोकत गेले.

३० मार्च, पाडवा
कालचा नकाशा उघडला. अल्लीपूर निळे नाही, लालही नाही. कोरा चौकोन. तळटीप सांगते की, धूर अतिदाट असेल तर यंत्रणा त्याला ढग समजून मोजणीतून वगळते. म्हणजे इला येणार होती त्या दिवशी आम्ही ढग होतो. सदोष गणनपद्धतीबद्दल संबंधितांना पत्र लिहिण्यास बसलो. मायना लिहून झाला.

इतक्यात इलाचा फोन. बॅग अजून भरलेलीच आहे म्हणाली. "आजोबा, रिकामी करू का?"

मी विषयाची पार्श्वभूमी सांगू लागलो. ती ऐकत राहिली. मग तिने पुन्हा तेच विचारले.

फोन यशोदेकडे दिला.