मोजणीत राहिलेली खोली

बालाघाट, शनिवार, सायंकाळ

आज आईच्या घराचे मूल्यांकन झाले. निघेल त्या किमतीचा अर्धा वाटा धाकट्या बहिणीला, सुनंदाला देऊन घर मी ठेवायचे, असे ठरले आहे. किंमत फार निघाली, तर मात्र विकावेच लागेल.

व्हॅल्युअर टेप गुंडाळू लागले, तरी मागची खोली मोजायची राहिलीच होती. मी गप्प राहिलो असतो, तर? क्षणभर राहिलोही. पण आई शेवटची सहा वर्षे त्याच खोलीत होती. कागदावर ती खोलीच नसावी?

"साहेब, पीछे एक कमरा और है."

"दरवाजा बाहर से है, तो मैं पड़ोसी का समझा," ते म्हणाले आणि मोजून गेले.

सुनंदा रागावली. "दादा, काहून सांगतलं? चूप राह्यला असता त किंमत कमी निघून घर तुह्याकडंच राह्यलं असतं."

"तुझा वाटा कमी झाला असता."

"मी मागतला काय? मोठा आला बी.कॉम.वाला."

ती गेल्यावर त्या खोलीत जरा बसलो. ऑफिसातून परतलो की आई इथूनच विचारायची, "आला काय बाबू?" निघताना दार लोटले आणि उगाच थांबलो. कोणी विचारेल म्हणून.