समोरच्या उंबऱ्यावरची पुडी

स्वस्ति श्री सकलस्लाऊमंडलभूषण, त्रिशयनगृहाधिपती, अर्धविभक्तसौधनिवासी (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, म्हणून अर्धविभक्त), उष्णजलयंत्रविशारद, तीर्थस्वरूप भावोजी यतीनराव यांच्या चरणी शशिधराचा साष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी कंबर संपावर असल्याने उरलेल्या सातांचा गोड मानून घ्यावा.)

आपला गुडघा, रेखाताईचा रक्तदाब आणि आपल्या खिडकीतील कढीपत्त्याचे रोप ही त्रयी कुशल असावी. येथे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे; तो मी मोडत नाही.

घर बदलण्याचे खूळ कोठून आले, असे आपण फोनवर विचारलेत तेव्हा मी ‘हवापालट’ असे मोघम उत्तर दिले होते. सविस्तर कारण असे. आमचे हे इंग्लिश गाव अत्यंत सभ्य आहे. येथील श्वानसुद्धा रांग मोडत नाहीत. गल्लीत आमच्यासारखे आम्हीच, आणि वर्गात कस्तुरीसारखी कस्तुरीच. यंदा संक्रांतीला तिच्या मनात आले की आपण दारोदार जाऊन तिळगूळ द्यावा. रेखाताईने पाठवलेला काटेरी हलवा तिने कागदाच्या चिमुकल्या पुड्यांत बांधला, प्रत्येक पुडीवर एक चांदणी काढली, आणि आम्ही पितापुत्री दिग्विजयास निघालो. दारे उघडली नाहीत. (पूर्वसूचनेवाचून वाजलेली घंटा येथे अरिष्टसूचक मानतात.) तेव्हा अस्मादिकांच्या कुशाग्र बुद्धीस सुचले की पुड्या उंबऱ्यांवर ठेवून यावे. वर आपले नाव लिहावे, हे मात्र सुचले नाही. आपल्याकडे तिळगुळावर कोणी नाव घालते काय?

सायंकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या हलव्याचे छायाचित्र प्रकटले. पांढरे, काटेरी, संशयास्पद दाणे. बहुधा उंदरांचे विष. कुत्री घरात ठेवावीत. एका निवृत्त गृहस्थांनी तर असा सिद्धान्त मांडला की ज्याअर्थी वास येत नाही, त्याअर्थी ते अधिकच घातक. मी तत्काळ उत्तरायण, स्नेहवर्धन आणि तिलमाहात्म्य यांवर विस्तृत खुलासा टंकू लागलो. कस्तुरीने फोनवर हात ठेवला. म्हणाली, “बाबा, नको ना सांगू. ते आपला होता असं कोणाला पण नको सांगू.” मी पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलची (म्हणजे येथील नगरपालिकेची) गाडी आली आणि सगळ्या चांदण्या घेऊन गेली. ती खिडकीत उभी होती. तेव्हापासून रस्त्यात सुचेताने, सख्ख्या आईने, मराठीत हाक मारली, की आमच्या कन्येला ऐकू येत नाही.

सबब सर्ववर्णसमावेशक तथा अल्पमूल्य वसतीचे संशोधन आरंभिले. जनगणनेचे तक्ते वाचले, परंतु तक्ते दार उघडत नाहीत. मग मी स्वतःचे शास्त्र निर्मिले. त्यास कोथिंबीर-मीमांसा म्हणावे. ज्या गावी कोथिंबीर प्लास्टिकच्या वेष्टनात, औषधाप्रमाणे चार काड्या मिळते, तेथे आपण एकटे. जेथे ती जुडीने, ओली, मातीसकट मिळते, तेथे मनुष्यजातीच्या सर्व शाखा नांदतात. (सुचेताने या शास्त्राची थट्टा केली, परंतु दुकानात प्रथम तीच शिरते.) आपल्या स्लाऊत जुड्यांचे पर्वत आहेत हे मी जाणतो, तथापि तेथे शेजारी सर्व वंशांचे आणि भाडे मात्र केवळ कुबेरवंशीयांना परवडणारे. नॉटिंगहॅमला जुडीही उत्तम, घरही उत्तम. आम्ही जिन्यावर असतानाच ते दुसऱ्याला गेले. एजंट नामक पोरगेला इसम “सो सॉरी, गाइज” असे वदला. या वयात, या पोटासह, हे संबोधन लाभणे हा त्या दिवसाचा एकमेव लाभ.

अखेरीस लीड्सला एक विटांचे, चिंचोळे, ओळीतले घर खिशात बसले. गल्लीत पंजाबी, सोमाली, पोलिश, जमैकन, कोपऱ्यावर जुडी. मी आत भिंतींची ओल हुंगत होतो, तोच सुचेताच्या लक्षात आले की कस्तुरी नाही. ती सापडली रस्त्यापलीकडे, कचऱ्याच्या मोठ्या पिंपामागे दबून बसलेली. संक्रांतीपासून एक पुडी तिने कोटाच्या खिशात जपून ठेवली होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ती समोरच्या उंबऱ्यावर ठेवून, घंटा वाजवून ही लपली होती. दार उघडले. एक वृद्ध जमैकन बाई बाहेर आल्या. त्यांनी पुडी उचलली, उलगडली, चांदणीवरून बोट फिरवले आणि साऱ्या गल्लीला विचारले, “हूज इज धिस, लव्ह?” त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. मग त्या आत गेल्या, परंतु दार उघडेच ठेवून. (हीटिंग चालू असता दार उघडे ठेवणे, हा या देशात दधीचीच्या तोडीचा त्याग होय.)

मी म्हटले, जा की. ती हलली नाही. म्हणाली, “आजी चांगला आहे, बाबा. पण मग ती बघेल ना, की मी आहे.”

बराच वेळ ते दार उघडे होते. मग मिटले.

तर भावोजी, घर मिळाले. करारावर स्वाक्षरी झाली, जुडीही मिळाली. त्या पिंपामागची जागा मात्र कन्या आपल्याबरोबर घेऊन येणार असे दिसते, आणि ती रिकामी करून घेण्याचे शास्त्र मजपाशी नाही.

सुचेताचा नमस्कार. कस्तुरी आत्याला ‘हाय’ सांगते, तेही हळू आवाजात.

आपला आज्ञाधारक,
शशिधर

ता. क. पत्राचे प्रयोजन वर राहून गेले. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सामान हलवतो आहोत. त्या आठवड्यापुरती रेखाताई आम्हांस उसनी द्यावी. कस्तुरी म्हणते, आत्या बरोबर असेल तर ती समोरच्या दारी जाईल, कारण आत्या कोणाला घाबरत नाही. (याविषयी आपला अनुभव दांडगा आहे.) येताना तिने हलवा आणावा. रथसप्तमी उलटून गेली हे मी जाणतो. शास्त्राधार मी रचून देईन.

आणखी एक. त्याच फेरीत स्टीलच्या मोठ्या डब्याचे झाकण पाठवावे. ते दिवाळीपासून आपल्याकडे आहे. त्यावर आईचे नाव कोरले आहे म्हणून ते आपलेच, हा ताईचा युक्तिवाद मला मान्य नाही. तेच नाव डब्यावरही आहे आणि डबा मजपाशी आहे. तूर्त आम्ही त्यावर बशी ठेवतो. बशी घसरते.