प्रभाग चारची खुर्ची

१७ सप्टेंबर, दुपार

प्रिय ठमे,

बरी असशील. मीही बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांनी कुरकुरायचं आणि मी ऐकायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे. ताईच्या घराचा मागचा नळ गळतो असं कानावर आलं. कारागिराला आधी वरची तोटी बंद करायला सांग. नाहीतर गेल्या खेपेसारखं स्वयंपाकघरात तळं होईल आणि तो वर तुझ्याकडेच बघत बसेल.

आपण एकाच गावात, चालत वीस मिनिटांवर, आणि मी टपालाने पत्र पाठवते आहे, याचं तुला हसू येईल किंवा राग येईल. तू परत आल्यापासून मी एकदाही तिकडे फिरकले नाही, फोनही उचलला नाही. त्याचं कारण लिहीन. आधी कामाचं.

तुझा अर्ज पोचला. नीटनेटका आहे, शिक्षण छान, शिफारसपत्रं छान. सोबतची चिठ्ठीही वाचली. “मावशी, आईची जागा आपल्याच घरात राहील. तू आहेस म्हणजे मला काळजी नाही.” यावर उत्तर द्यायला आठवडा लावला, त्याची माफी मागते.

मंडळाचं कामकाज तुला ठाऊक असायचं कारण नाही. तुझी आई सभेची पिशवी दाराशी ठेवायची आणि मंडळाबद्दल घरात चकार शब्द काढायची नाही. म्हणून थोडक्यात सांगते. गावाचे सात प्रभाग, प्रत्येक प्रभाग आपला एक सदस्य मतं देऊन निवडतो. निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत हे सात जण चिठ्ठ्या टाकून आपल्यातलाच एक अध्यक्ष करतात. गेल्या वेळी ताईला चार चिठ्ठ्या पडल्या आणि टाइलवाल्याला तीन. टाइलवाला म्हणजे प्रभाग दोन. अर्ध्या गावाच्या न्हाणीघरात त्याच्या फरश्या आहेत आणि प्रत्येक सभेत तो त्या पुन्हा बसवतो. मला उपाध्यक्ष केलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं.

फेब्रुवारीत ताई गेली आणि मी तिच्या जागी सभा चालवू लागले. तिच्या खुर्चीत मात्र बसले नाही. माझ्याच खुर्चीतून चालवते.

ती खुर्ची अजून तिथेच आहे. मंडळाने ठराव करून जागा रिकामी झाल्याचं जाहीर करेपर्यंत सदस्याचं नाव हजेरीतून निघत नाही, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांना वाटलं असणार की असा ठराव पुढच्याच सभेत होईल. माणूस गेल्यावर कोण वेळ काढत बसतं? तो झाला नाही, म्हणून सचिव दर सभेला पुकारतात, “प्रभाग एक.” हजर. “प्रभाग दोन.” फरशी हजर. “प्रभाग तीन.” हजर. मग “प्रभाग चार.”

प्रत्येकाच्या पुढ्यात ध्वनिक्षेपक आहे. नाव पुकारलं की सचिव त्याचं बटण दाबतात आणि तांबडा दिवा लागतो. ताईच्या जागचाही लागतो. मग भिंतीवरच्या कर्ण्यातून खोलीचाच आवाज मोठा होऊन येतो, पंख्याचा, कुणाच्या तरी बुटाचा. वीजवाला म्हणाला, उघड्या ध्वनिक्षेपकात असं होतंच. तो खरंच सांगत असेल. पण ठमे, तुझी आई ‘हजर’ म्हणायच्या आधी नाकाने एक छोटा श्वास घ्यायची. तुला माहीत आहे तो. तसलाच श्वास येतो. सचिव थोडं थांबतात, दिवा मालवतात आणि म्हणतात, “प्रभाग पाच.”

प्रभाग पाच म्हणजे मी.

आमच्या कॉन्व्हेंटात सकाळच्या हजेरीला सिस्टर सख्ख्या बहिणींना जोडीने उभं करायच्या. थोरलीने आधी बोलायचं. थोरलीचं तोंड उघडेपर्यंत धाकटीने तोंड मिटून ठेवायचं, नाहीतर पट्टी. थोरली तापाने घरी असली तर धाकटीने म्हणायचं, “ताई आजारी, मी हजर.” सगळ्या प्रसंगांसाठी त्यांनी आम्हाला वाक्यं पाठ करून दिली होती. या प्रसंगाचं दिलं नाही. दर सभेला दिवा मालवला की माझी जीभ टाळूला चिकटते आणि सचिवांना दुसऱ्यांदा पुकारावं लागतं.

मे महिन्यातल्या एका सभेत उत्तर आलं. सचिव म्हणाले “प्रभाग चार”, दिवा लागला, तो श्वास आला आणि मग ताईच्या कोरड्या, किंचित कंटाळलेल्या आवाजात, “हजर.” माझ्या हातातलं पेन खाली पडलं. समोर प्रभाग सहाच्या ग्रंथपालबाईंनी मान वर केली. डॉक्टर, प्रभाग एक, चष्मा पुसू लागले.  सचिवांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला आणि पुढे गेले.

हे मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

आता टाइलवाल्याचं. त्याला नाल्यापलीकडची शाळा बंद करायची आहे, म्हणजे तुझ्या प्रभागातली, ताईची. पटसंख्या कमी, छप्पर जुनं, वगैरे. ती मुलं हमरस्ता ओलांडून मोठ्या शाळेत जातील म्हणतो. हमरस्ता त्याने गाडीच्या काचेतूनच पाहिला आहे. सहा जणांत आम्ही तीन-तीन आहोत, म्हणून ठराव अडला. आता जो सातवा येईल त्याच्या हाती शाळा, आणि अध्यक्षही. पुन्हा चिठ्ठ्या पडणार ना. यासाठी त्याने जावई तयार ठेवला आहे. पोरगा गरीब आहे बिचारा. नाल्यापलीकडे एक खोली भाड्याने घेऊन दारावर पाटी लावली आहे. आत गादीसुद्धा नाही म्हणतात.

जूनमध्ये सभेनंतर टाइलवाला मला म्हणाला, “बाई, खुर्ची किती दिवस अशी राखून ठेवणार? धूळ बसतेय तिच्यावर.”

मी म्हटलं, “तुमच्या जावयाची गादी येऊ दे. मग दोन्ही एकदमच झटकू.”

डॉक्टर हसले. मी घरी येईपर्यंत स्वतःवर खूष होते. सगळ्यांना मी सांगत होते की जागा जाहीर करत नाही ती टाइलवाल्याला अडवायला. डावपेच आहे म्हणून. लोक माना डोलवायचे. निवृत्त शिक्षिका डावपेच करते म्हटलं की लोकांना कौतुक वाटतं.

या महिन्याच्या पहिल्या सभेला नाल्यापलीकडची एक बाई आली. शिलाईकाम करते, गळ्यात फितीला कात्री लटकावूनच आली होती. बाई मला मुळीच आवडत नाही. मधेमधे बोलते, आकडे चुकीचे सांगते, डॉक्टरांना ‘अहो चष्मेवाले’ म्हणते. नागरिकांच्या वेळेत सचिवांनी तिला नियम सांगितला, आपापल्या प्रभागाच्या सदस्याला उद्देशून बोलावं. सवयीनं त्यांचा हात बटणावर गेला आणि ताईच्या जागचा दिवा लागला.

बाईने आमच्याकडे पाठ केली आणि खुर्चीकडे तोंड.

“बाई,” ती म्हणाली, “आमची शाळा बंद करतायत. माझी धाकटी सहा वर्षांची आहे, उंची टेबलाएवढी. ट्रकवाल्याला ती दिसणारसुद्धा नाही. तिला पाठवू का? सांगा.”

आणि ती थांबली. खरोखरच थांबली, ठमे. समोरचा माणूस विचार करतोय आणि त्याला वेळ द्यायला हवा, तशी. कर्ण्यातून श्वास येत होता.  तिची वेळ संपल्याची घंटा झाली तरी ती उभीच.

मग माझ्याकडे वळली. “त्या काही बोलत नाहीत. मग आम्हाला दुसरं माणूस निवडू द्या की. आमचं मत कुणी अडवलंय?”

सचिव खाली बघत म्हणाले, “पोटनिवडणुकीची मुदत गेल्या महिन्यात संपली.”

आता हे नीट वाच. मंडळाची मुदत संपायला एक वर्षाहून जास्त उरलं असताना जागा जाहीर झाली, तर प्रभागातले लोक मतं देऊन नवा सदस्य निवडतात. वर्षापेक्षा कमी उरलं, तर उरलेले सदस्यच कुणाला तरी नेमतात. ऑगस्टच्या अखेरीपर्यंत जाहीर केलं असतं तर नाल्यापलीकडच्या लोकांनी आपलं माणूस आपण निवडलं असतं. जावयाला तिथे त्याच्या घरमालकाचं मतदेखील पडलं नसतं. टाइलवाल्याला अडवायचा सरळ रस्ता तोच होता. सचिवांनी मला दोनदा आठवण करून दिली होती. मी दोन्ही वेळा म्हटलं, पुढच्या सभेला बघू.

डावपेच वगैरे काही नव्हते. ठराव झाला असता तर सचिवांनी “प्रभाग तीन” म्हटल्यावर लगेच “प्रभाग पाच” म्हटलं असतं. तेवढंच मला सहन होणार नव्हतं. तेवढ्यासाठी मी एका अख्ख्या प्रभागाचं मत दाबून बसले, आणि ते लोक खुर्चीशी बोलायला येऊ लागले.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी मला गाडीतून घरी सोडलं. मी गाडीत मे महिन्याची गोष्ट काढली. म्हटलं, तुम्हीही ऐकलंत ना तो आवाज. त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद करून म्हणाल्या, “बाई, वाईट वाटून घेऊ नका. ते तुम्हीच म्हणालात. त्यांच्याच आवाजात. आम्हाला वाटलं, सांगू नये.”

म्हणून मी फोन उचलत नाही, ठमे. तू बोलतेस ती ताईच बोलते. तोच कोरडेपणा, वाक्याच्या आधीचा तोच श्वास. लहान होतीस तेव्हा आम्ही हसायचो. तू परत आल्यावर फोनवर निरोप ठेवलास, “मावशी, मी आलेय, घरी ये.” तो मी पुसला नाही. रोज लावते. किती वेळा ते विचारू नकोस. शब्द आता मला ऐकूही येत नाहीत, नुसता आवाज येतो.

मग तुझा अर्ज आला. मला काय झालं ते सांगते, कारण ते तुला कळायला हवं. आनंद झाला. हावरट आनंद. मला दिसलं की सचिव म्हणतायत “प्रभाग चार”, दिवा लागतो, तू श्वास घेतेस आणि म्हणतेस “हजर”, आणि माझी जीभ सुटते. आठवडाभर मी हेच चघळत बसले. तुझी पात्रता, शाळा, नाल्यापलीकडची मुलं, यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं.

परवा सभा आहे. पहिला ठराव जागा जाहीर करण्याचा, तो मीच मांडणार आहे. दुसरा नेमणुकीचा. अर्ज तीन आहेत: जावई, तू आणि ती शिलाईवाली. तिने अर्जावर लिहिलंय, ‘कारण: कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे.’ अर्ज कापडाची मापं लिहिलेल्या जुन्या कागदाच्या पाठीवर केला आहे, अक्षर असं की आमच्या सिस्टरांनी पाहिला असता तर पट्टी मोडेपर्यंत मारलं असतं.

जावयामागे तीन मतं पक्की आहेत. डॉक्टर आणि ग्रंथपालबाई दोघांनीही मला सांगितलं, “तुमची भाची असेल तर आमचं मत तुमच्या मागे. ताईंसाठी.” मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेईन ते अजून सांगितलेलं नाही. तरीही मागे येऊ म्हणाले. म्हणजे तीन-तीन, आणि समान मतं पडली की सभा चालवणाऱ्याचं निर्णायक मत. थोडक्यात, सातवा सदस्य मी एकटी ठरवणार आहे. ज्या प्रभागात मी राहत नाही त्याचा.

टाइलवाल्याने जावई आणला म्हणून मी चार महिने जीभ परजते आहे. सासरा-जावई आणि मावशी-भाची यांत फरक काय, ते मी कागद घेऊन शोधलं. तू हुशार आहेस, हा एक सापडला. तू शाळा वाचवशील, हा दुसरा. पण शिलाईवालीही वाचवेल, आणि तिची पोरगी त्या शाळेत आहे. नाल्यापलीकडे मतदान झालं असतं तर तू कदाचित जिंकली असतीस. कदाचित ताईच्या नावावर जिंकली असतीस. तो त्यांचा अधिकार होता, त्यांनी कुणाच्याही नावावर मत दिलं असतं. तो मी घालवला. आता त्यांच्याऐवजी मी निवडायचं, आणि निवडायचं ते माझ्याच घरातलं माणूस, माझ्याच कानांसाठी? एवढी मी अजून घसरलेली नाही.

तू चिडशील. म्हणशील, मावशीला आईची जागा एका भांडकुदळ शिंपिणीला द्यायची आहे. म्हण. ती बाई वर्षभर माझं डोकं खाईल, सभेला उशिरा येईल, अध्यक्षाच्या निवडीत कुणाला चिठ्ठी टाकेल देव जाणे. मला टाकणार नाही एवढं नक्की. पुढच्या वर्षी निवडणूक आहे. तुला ती जागा हवी असेल तर नाल्यापलीकडे दारोदार जा, लोकांना माग. मी तुझे कागद वाटायला येईन, गुडघ्यांसकट.

परवा सभेला आलीस तर मागच्या बाकावर बस. सभा सुटली की मी बाहेरच्या पायऱ्यांवर थांबेन. ये आणि मला हवं ते ऐकव. मोठ्याने, मनात येईल ते, सगळं. सुरुवातीला मला तीच ऐकू येईल, त्याला माझा इलाज नाही. तू बोलत राहा. ताई माझ्याशी इतकं कधीच भांडली नव्हती, त्यामुळे कधीतरी मला कळेलच की ही तू आहेस.

फोनवरचा निरोप हे पत्र पेटीत टाकून आले की पुसेन. आधी पुसला असता तर पत्र लिहून झालं नसतं.

तुझ्या विरुद्ध मत देणारी,
तुझी मावशी