चांद्याची गोष्ट कोणी सांगितली

हिंगणघाट, मंगळवार, संध्याकाळ

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर कुसुम आणि मी एकाच डब्यातून जेवायचो. तिथेच एकदा ती तिच्या घरच्या आंधळ्या बैलाची, चांद्याची, गोष्ट सांगत होती आणि मी ती इंग्रजीत उतरवून घेत होते. "बैल माया, इंग्रजी तुयी," असं म्हणून हसली होती. गोष्ट शाळेच्या अंकात छापून आली, खाली फक्त माझं नाव. पदकही मलाच मिळालं. ती कधी काही बोलली नाही. मीही नाही.

आज शिकवणीत दहावीच्या मुलींना निवेदक समजावायचा होता. गोष्टीतला 'मी' म्हणजे लेखकच असं नसतं, हे दाखवायला तोच जुना अंक काढला. दरवर्षी काढते. पण यंदा वर्गात कुसुमची नात मुक्ता बसते, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? की आलं होतं?

बैल वासावरून घर ओळखतो, तिथवर वाचून मुक्ता थांबली. "मॅडम, हा तं आमच्या आजीचा चांद्या! मंग इथं तुमचं नाव काऊन?"

मी नुसतं म्हटलं, पुढे वाच.

चांद्या. बैलाचं नावसुद्धा बदललं नव्हतं मी.

अंक मुक्ताला द्यायचा, माझं नाव खोडून, कुसुमचं लिहून. बाकीच्या मुलींना माझ्या व्याकरणाच्या वह्या, म्हणजे कोणी रुसणार नाही. पदक अल्लीपूरला, कुसुमच्या घरी, तिच्याच हातात. ते मुक्ताजवळ पाठवायचं नाही. मी स्वतः जायचं.