तक्ता बंद करण्याबाबत

दि. ११ फेब्रुवारी, दुपार

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचीही तब्येत ठीक असेल, जेवणखाण वेळेवर होत असेल, असं धरून चालतो. तिकडे थंडी वाढली आहे असं परवा म्हणालात. कारखान्यात जाताना कान झाकून जात जा.

रोज संध्याकाळी फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मला दोन वाक्यांपुढे जमत नाही. समोर बसूनही जमत नाही म्हणा. तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा आपण दोघं तासभर समोरासमोर बसलो होतो आणि पंखा आवाज करतो एवढ्याच विषयावर बोललो होतो. नंतर तुम्ही चिऊला विचारलंत, "तुझे बाबा माझ्यावर रागावलेत का?" ती म्हणाली होती, "छे, आज तर ते फार बोलले."

असो. आधी बातमी. काल ठमीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. वजन छान वाढलं आहे. मान धरायला लागली आहे. सुई टोचली तेव्हा एकदाच ओरडली आणि मग नर्सकडे असं बघितलं की नर्सच म्हणाली, "चुकलं हो माझं."

मी नेहमीप्रमाणे दूध-लंगोटांचे तक्ते घेऊन गेलो होतो. सगळे कागद तारखेनुसार लावून, कोपऱ्यात टाचून. डॉक्टरीणबाईंनी चार पानं उलटली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आजोबा, हे अजून चालू आहे?"

"हो."

"मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं?"

मी कागद पुन्हा जुळवायला लागलो. तुमच्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलं होतं?"

"बंद करा म्हणून सांगितलं होतं. पहिले काही दिवस, वजन जाग्यावर येईपर्यंत, हे लिहायचा उपयोग असतो. दूध पुरतंय की नाही ते लंगोटांवरून कळतं. आता हिला भूक लागली की ही सांगेल. आवाज चांगला आहे तिचा."

"यांना टाकी आणि पोर यातला फरक समजावून सांगा जरा," ही म्हणाली. "जन्म गेला पंपघरात. पाण्याची पातळी लिहिता लिहिता म्हातारे झाले."

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. घरी येईपर्यंत ही माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. दार उघडताना एवढंच म्हणाली, "महिन्यापूर्वी सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही माझ्यापासूनही लपवलंत."

हे पत्र त्याबद्दल आहे.

ही म्हणते ते खोटं नाही. पंपघरात दर तासाला टाकीची पातळी बघायची, आकडा मांडायचा, सही करायची. पाळी संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा. आकडा लिहिला की जीव शांत होतो, ही सवय मला तिथे लागली. ठमीच्या बाबतीतही आम्ही दोघांनी पाळ्या लावून घेतल्या. सकाळची माझी, दुपारची हिची. मी हिला चार्ज देतो, तेव्हा ही म्हणते, "घ्या, साहेब आले."

सवयीचा त्रासही झाला आहे. एकदा पोर गाढ झोपली होती आणि दुधाची वेळ झाली होती. मी तिला उठवून पाजलं. तिने ते सगळं माझ्या सदऱ्यावर परत केलं. ही म्हणाली, "झोपलेल्याला उठवून जेवायला घालणारा यजमान मी पहिल्यांदाच पाहिला." दुसऱ्या एका दिवशी मी पाजलं, लिहायला विसरलो, आणि तक्ता कोरा दिसला म्हणून हिने पुन्हा पाजलं. त्या दिवशी पोट फुगून जी रडली! दोष कुणाचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

पण त्याहून मोठी चूक तुम्हाला सांगायची आहे, कारण ती तुमच्या बाबतीत झाली आहे. आमच्या पंपघराच्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असायचा. गळती, बिघाड, काही असेल तर तिथे लिहायचं. काही नसेल तर लिहायचं, "निरंक". मागच्या आठवड्यात एका सकाळी मी ठमीला पाजून खांद्यावर घेतलं, ढेकर काढली, समोर धरलं, आणि ती हसली. झोपेत हसतात तसं नव्हे. माझ्या तोंडाकडे बघून, ओळख पटल्यासारखी. मी तिला खाली ठेवलं आणि तक्ता भरला. दूध इतकं, लंगोट ओला, शेरा निरंक.

दुपारी ही चार्ज घ्यायला आली तेव्हा तिच्यासमोरही ठमी हसली. ही धावत मला सांगायला आली. मी म्हटलं, सकाळीच हसली होती. हिने कपाटाच्या दाराला चिकटवलेला तक्ता वाचला आणि पेन्सिल माझ्या हातावर मारली. "पोर पहिल्यांदा हसली आणि तुम्ही निरंक लिहिता? तुमच्या छातीत काय, व्हॉल्व्ह बसवलाय का?"

त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही विचारलंत, दूध किती झालं, लंगोट किती झाले. मी वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "बरं." मग "ठेवतो." मी सांगितलं नाही. तुम्हीही दुसरं काही विचारलं नाहीत. म्हणून आज लिहितो. ठमी हसते. आता तर बऱ्याचदा हसते.

जावईबापू, यात तक्रार नाही. तुम्ही इथे होतात त्या दिवसांत तुम्ही ठमीला एकदाही घेतलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. हिने दोनदा पुढे केलं, तेव्हा तुम्ही बाटल्या उकळायला आत गेलात. मला त्याचा राग आला नाही. मीही त्याच वेळी मागच्या नळाचा वॉशर बदलत होतो. नळ गळत नव्हता.

आता जे लिहायचं आहे ते सकाळपासून टाळतो आहे.

तक्ता चिऊने आखला होता. ठमीला घेऊन दवाखान्यातून आमच्याकडे आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, उशीवर मोठं पुस्तक ठेवून, पट्टी घेऊन. वेळ, दूध, शू, शी. मी म्हटलं, शेऱ्याचा रकानाही ठेव. ती म्हणाली, "ठेवते, पण बाबा, शीच्या शेजारी नको हं. तुम्ही तिथेही सही कराल." बाळंतपणाने थकली होती, पण हसत होती. तक्ता किती दिवस ठेवायचा, असं मी विचारलं तर म्हणाली, "बघू. मला भरवसा वाटेपर्यंत."

ती रोज संध्याकाळी तुम्हाला फोनवर तो वाचून दाखवायची. तुम्ही खूश व्हायचात. आम्ही बाजूला बसून ऐकायचो, आम्हीही खूश. आईने विचारलं, "तुला कसं वाटतंय गं?" तर म्हणायची, "अगं, आज बघ किती लंगोट ओले केले तिने!" आणि विचारणारीचं समाधान व्हायचं. अंगात कणकण होती. ती म्हणाली, दूध येताना होतं असं, होईल कमी. आम्ही मानलं. त्या तक्त्यात ठमीचं सगळं होतं. ठमीच्या आईने काय खाल्लं, किती झोपली, अंग किती तापलं, याला रकाना नव्हता. आखणारी तीच, तिने स्वतःसाठी ठेवला नाही. आणि जन्मभर तक्ते भरणारा मी शेजारी उभा राहून शेऱ्याच्या रकान्याचा आग्रह धरत होतो.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, रक्तात गेलेला संसर्ग इतका वेगाने पसरतो की आदल्या दिवशी आणली असती तरी खात्री देता आली नसती. हे वाक्य मी रोज स्वतःला सांगतो. तिकडे एकट्या खोलीत तुम्हाला ते कोणी सांगत असेल की नाही, माहीत नाही. म्हणून मुद्दाम लिहिलं. पुन्हा लिहितो. खात्री देता आली नसती. तुम्ही फोनवर लंगोट विचारायचात म्हणून चिऊ गेली नाही. आम्ही सगळे तिच्या बाळाबद्दल विचारत होतो, कारण तिला तेच सांगायला आवडत होतं.

चिऊ गेली, हे मी आज पहिल्यांदा लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी बंद करा म्हटल्यावरही मी तक्ता चालू ठेवला, त्याचं एक कारण तुम्हाला कळलंच असेल. तक्ता नसेल तर आपण संध्याकाळी बोलणार काय? तुम्ही विचारता, मी वाचतो, तेवढा वेळ ती मधे बसल्यासारखी वाटते. तुम्हालाही तसंच वाटत असावं. नाहीतर कारखान्यातून दमून आल्यावर लंगोटांचा हिशेब कोण ऐकेल?

दुसरं कारण चांगलं नाही. आकडे चांगले असले की तुम्ही "बरं" म्हणता आणि फोन ठेवता. पंपघरात वरच्या साहेबाला आकडे वेळेवर गेले की साहेब तपासणीला येत नसे. आकडे जात राहिले तर तुम्ही येणार नाही, आणि तुम्ही आला नाहीत तर ठमी इथेच राहील. हे मी मनातल्या मनातही सरळ म्हटलं नव्हतं. काल हिने म्हटलं. "तुम्ही तिच्या बापाला आकड्यांवर ठेवलंय," असं म्हणाली. ही फारशी शिकलेली नाही, पण बोलते तेव्हा नेम चुकत नाही. मग स्वतःच रडायला लागली आणि म्हणाली, "आणि मीही काही बोलले नाही. मलाही ती हवी आहे."

तर आम्ही दोघांनी ठरवलं.

आज सकाळी तक्ता काढला. फाडला नाही, घडी करून ठेवला. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे चार डाग राहिले आहेत, ते जात नाहीत. ठमी उठली, ओरडली, मी दूध केलं. प्यायली. मधेच थांबून माझं बोट धरलं, पुन्हा प्यायली, मग तोंड फिरवलं. बाटलीत उरलं होतं ते मी खुणांकडे न बघता मोरीत ओतलं. हात पेन्सिलीकडे गेला, तो खिशात घातला. ती किती प्यायली, मला माहीत नाही. पोट भरलं होतं. ते तिच्याकडे बघून कळत होतं.

संध्याकाळी तुमचा फोन येईल. पत्र पोचेपर्यंत आणखी काही फोन येतील. तुम्ही विचाराल, आणि मी म्हणेन, माहीत नाही. रागावू नका. फोन ठेवूही नका. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न करेन. जमलं नाही तर फोन ठमीजवळ धरेन.

पण खरं म्हणजे तुम्ही या. सुट्टी मिळवा. लसीच्या कार्डावर नावाची जागा रिकामी आहे. नर्सने पेन्सिलीने "ठमी" लिहिलं आहे, खोडता येईल असं. नाव तुम्ही ठेवायचं आहे. चिऊ आणि तुम्ही काही ठरवलं होतं का, आम्हाला तिने सांगितलं नाही.

आल्यावर पहिल्या दिवशी तिला घेववलं नाही तरी चालेल. आम्ही पुढे करणार नाही. तुम्ही फक्त त्या खोलीत बसा. ती कोण आलं ते बघेल.

आणि न्यायची असेल तर न्या. वाचता येईल अशा अक्षरात पुन्हा लिहितो. न्यायची असेल तर न्या. ही रडेल, तिकडे लक्ष देऊ नका. थोडे दिवस आम्ही बरोबर येऊन राहू, किंवा तुम्ही इथे राहा, किंवा आणखी काही. ते बसून बोलता येईल. मी बोलेन.

तिला डाव्या खांद्यावर झोप लागते. उजव्या खांद्यावर घेतलं तर मान वळवून कान चोखायला बघते. दूध पिताना एक पाय सारखा हलवते, त्याचं काही नाही, चिऊही हलवायची. कान मात्र हुबेहूब तुमचे आहेत. पहिल्याच दिवशी चिऊने दुपट्यातून कान बाहेर काढून आम्हाला दाखवले होते आणि म्हणाली होती, "बाकी काही मिळो न मिळो, हे मिळाले." हे तुम्हाला तिनेच सांगायचं होतं. तुम्ही यायच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं.

तिकिटाचं कळवा. मी स्टेशनवर येईन.

तुमचा,
अजूनही सासरा