दिवा मी धरला

बंगळूर, १२ जुलै १९७७

सौ. मल्लव्वास आशीर्वाद,

मी खुशाल आहे. बाळीचा ताप उतरला का?

केसाएवढ्या काचतंतूंची टोकं जुळवायच्या ज्या सूक्ष्मदर्शकावर मी दोन वर्षं खपलो, तो काल मोठ्या साहेबांना दाखवला. ज्याला मीच सोलापुराहून इथं नोकरीला आणलं, त्या चन्नवीरनं "हा मी बनवला" म्हणून सांगितलं. वर मला म्हणाला, "शंकरप्पा, जरा दिवा धर की."

मी धरला. हात हलला तर जुळत आलेला तंतूंचा सांधा बिघडेल, एवढंच तेव्हा सुचलं. तो भित्रेपणा होता का, अजून ठरवता येत नाही.

साहेबांनी तिथल्या तिथं विभागप्रमुख त्यालाच केलं. क्वार्टरही त्यालाच, तुम्हाला यंदा इकडे आणता येणार नाही.

त्याची आई विचारायला येईल. तिला बढतीचं आनंदानं सांग. यंत्र कुणी केलं असं तिनं विचारलंच, तर मात्र खोटं बोलू नकोस.

तुझा
शंकरप्पा